काशीची पोथी आणि तीन वाचक

वाराणसीच्या संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाचे सरस्वती भवन विद्वानांना सुपरिचित आहे. १७९१ साली जोनाथन डंकन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेत या विद्यापीठाचे मूळ असून, येथील हस्तलिखितांची संख्या लाखाहून अधिक आहे. संस्कृत भाषा एक. परंतु तिच्या लिप्या अनेक. एकच ग्रंथ काश्मिरात शारदा लिपीत, बंगालमध्ये बंगाली लिपीत, तर तमिळ प्रदेशात ग्रंथ लिपीत उतरवला जाई. शारदा न जाणणाऱ्या पंडिताला ती पोथी मुकीच राही. परंतु आपल्याला वाचता येत नाही म्हणून तिची पाने कोरी आहेत, असे तो म्हणत नसे.

संगणकाच्या ठायी हा विवेक नाही. समजा, काशीतील एका अभ्यासकाने दुर्मिळ पोथ्यांची छायाचित्रे बाह्य हार्ड डिस्कवर साठवली. त्याच्या संगणकावर विंडोज आहे, सहकाऱ्याकडे मॅक आहे आणि प्रयोगशाळेत लिनक्स. डिस्क एक, वाचक तीन. डिस्कवर माहिती कोठे ठेवली आहे याची नोंद ठेवण्याच्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात. ग्रंथालयाची ती सूचीच होय. ही सूची प्रत्येक कार्यप्रणाली आपल्या रीतीने लिहिते. मॅकच्या एपीएफएस पद्धतीची किंवा लिनक्सच्या ईएक्सटी-४ पद्धतीची डिस्क विंडोजला जोडली, तर तो तिला न वाचताच ‘फॉरमॅट करावयाची काय?’ असे विचारू शकतो. अजाणतेपणी होकार दिला, की सूची पुसली जाते आणि वर्षांचे श्रम धोक्यात येतात. अशा वेळी नकार देणे, हा पहिला नियम होय.

मग सर्वांना समजणारी सूची कोणती? विंडोजची एनटीएफएस पद्धत १९९३ साली आली. मॅक ती वाचतो, परंतु स्वतःहून तीत लिहीत नाही. लिनक्सच्या गाभ्यात तिच्यासाठी लेखनक्षम नवा चालक २०२१ साली समाविष्ट झाला. १९९६ ची एफएटी-३२ पद्धत तिघांनाही समजते. पण तीत एक फाइल चार गिगाबाइटांपर्यंत पोहोचू शकत नाही. मोठ्या पोथीची सर्व पाने सुस्पष्ट चित्रांच्या रूपात एकाच फाइलमध्ये बांधली, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. २००६ साली आलेल्या एक्सफॅट पद्धतीत ही अडचण राहिली नाही. मॅकने ती २०१० मध्ये स्वीकारली. मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील २०१९ साली खुला केला, आणि त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यातही तिला स्थान मिळाले. म्हणून आज तिन्ही वाचकांसाठी हीच सोयीची वाट आहे.

तथापि या सोयीचीही किंमत आहे. एनटीएफएस, एपीएफएस व ईएक्सटी-४ या पद्धतींत लेखन अर्धवट तुटले तरी सूची सावरण्याची व्यवस्था असते. एक्सफॅटमध्ये तशी नाही. लेखन चालू असता वीज गेली किंवा तार ओढली गेली, तर सूची बिघडण्याची भीती अधिक. यास्तव डिस्क विधिवत् वेगळी करूनच काढावी. तसेच जुनी डिस्क एक्सफॅटमध्ये बदलण्यापूर्वी तिच्यावरील सर्व सामग्री अन्यत्र उतरवून घ्यावी. कारण पद्धत बदलणे म्हणजे जुनी सूची पुसणेच होय.

शिवाय डिस्क उघडली म्हणजे मजकूर वाचता आला, असेही नाही. युनिकोडपूर्व काळातील एखाद्या विशिष्ट टंकात लिहिलेले देवनागरी लेख तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन उमटतात. सूची समजणे आणि अक्षर समजणे, या दोन भिन्न पायऱ्या आहेत.

पूर्वी पोथी जीर्ण होऊ लागली, की लेखक तिची नवी प्रत करून ठेवी. प्रतींच्या या परंपरेमुळेच कित्येक ग्रंथ टिकले. डिस्कच्या बाबतीतही त्याहून सुरक्षित उपाय अद्याप सापडलेला नाही: एक प्रत देवघेवीसाठी, आणि दुसरी, कोणालाही न देता, जपून ठेवण्यासाठी.