ऊन पाण्याचे झरे आणि आपण
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. घरी बोलते तसेच बोलेन.

आपल्या जिल्ह्यात उगम पावणारी पैनगंगा पुढे नांदेड जिल्ह्यात उनकेश्वराजवळून वाहते. तिथे गंधकाच्या वासाचे ऊन पाण्याचे झरे आहेत. पावसाचे पाणी जमिनीत खोल मुरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि भेगांतून वर येते.

जपानात अशा झऱ्यांपाशी मुक्कामाची घरे असतात. त्यांतले केइउनकान इ. स. 705 मध्ये सुरू झाले म्हणतात. 2011 साली जगातले सर्वांत जुने हॉटेल म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. अशा घरांत पाहुण्याला सुती झगा, चटईवर घातलेली गादी आणि आयते जेवण मिळते. बायकांचे स्नान बहुधा निराळे असते. आधी बाहेर बसून साबणाने अंग धुवायचे, मगच कुंडात उतरायचे, हा नियम कडक.

गुडघेदुखीपायी मी आपल्याकडच्या एका झऱ्यावर दोन दिवस राहिले. तिथेही बायका चूल पेटवीत होत्या, सर्वांचे कपडे पिळीत होत्या. स्वतः मात्र चारचौघांत ओल्या लुगड्यानिशी एक बुडी मारून निघत. शेक मिळायचा कधी?

म्हणून मंडळाची सहल निघेल तेव्हा तीन गोष्टी करू या. कुंडात साबण व कपडे न्यायचे नाहीत. चौघींनी पातळांचा आडोसा धरायचा, आळीपाळीने सर्वजणींनी निवांत बसायचे. आणि शिदोरी घरूनच न्यायची. त्या दिवशी चूल नको.