लेकरं सांभाळणाऱ्या घराचं छप्पर

बचत गटांची समन्वयक म्हणून मी गावोगाव फिरते. आज बोलायचं आहे ते एका घराच्या दुरुस्तीबद्दल आणि त्यासाठी बायकांनी पैसे कसे उभे केले त्याबद्दल. गावाचं नाव सांगणार नाही, घरातल्या कुणाचंही नाव सांगणार नाही. का नाही, ते ऐकता ऐकता कळेल.

आपल्या लातूर-धाराशिवच्या भागातलं हे गाव. तिथल्या एका मावशीनं आणि काकांनी बावीस वर्षांत नऊ लेकरं सांभाळली. कुणाची आई वारली, कुणाचा बाप घर सोडून गेला, कुणाचे आईबाप दोघंही आजारी. ही लेकरं दत्तक घेतलेली नाहीत. दत्तक लेकराला आईबापाचं नाव लागतं, वारसा लागतो. इथं लेकराचं नाव त्याचंच राहतं आणि त्याचे आईबाप सावरले तर ते परतही जातं. तोवर ज्या घरानं त्याला सांभाळायचं, ते प्रतिपालक कुटुंब. बालकल्याण समितीच्या आदेशानं ही लेकरं त्या घरी राहतात. सगळी त्यांना 'माय' आणि 'काका' म्हणतात. सहा जण मोठी होऊन बाहेर पडली, तीन आज घरात आहेत. तिघंही शाळेत जातात.

यासाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिच्यात एका लेकरामागं महिन्याला २,२५० रुपये मिळतात. ते लेकराच्या खाण्याचे, कपड्यांचे, वह्या-पुस्तकांचे. ते वेळेवर आले तरी त्यातून भिंत बांधता येत नाही. मावशी रोजंदारीला जाते, काकांच्या दोन शेळ्या आहेत. घर दोन खोल्यांचं, माळवदाचं.

माळवद म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. दगड-मातीच्या जाड भिंती, सागाच्या तुळया, त्यावर किलच्या, त्यावर पाला आणि वर मातीचा थर. मृगाच्या आधी दरवर्षी पांढरी माती टाकायची, म्हणजे गळत नाही. पण जुना थर कुणी काढत नाही. आजोबांनी टाकलेल्या मातीवर बापानं टाकली, त्यावर आपण टाकतो. डोक्यावरचं ओझं वाढत जातं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. जवळजवळ आठ हजार माणसं गेली. त्यातली कितीतरी याच दगड-मातीखाली गाडली गेली. आपल्या भागात माळवदाची भीती तेव्हापासूनची आहे. तरीही ज्यांना दुसरं छप्पर परवडत नाही, ते त्याखालीच राहतात.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत हे माळवद आठवडाभर भिजलं आणि एका रात्री मागच्या खोलीचा कोपरा खाली आला. लेकरं पुढच्या खोलीत झोपली होती म्हणून वाचली.

पण खरी काळजी पुढं होती. लेकरं ठेवलेल्या घराची पाहणी होते. घर धोक्याचं असेल तर लेकरांना तिथं ठेवता येत नाही. दुसरं घर मिळालं नाही, तर त्यांना बालगृहात जावं लागतं. अधिकाऱ्यांची यात चूक नाही, लेकरांचा जीव त्यांच्या जबाबदारीवर असतो. म्हणजे छप्पर झालं नसतं, तर तीन लेकरांचं दुसऱ्यांदा घर सुटलं असतं.

गावच्या ग्रामसंघाची बैठक बसली. आधी सरकारी दारं ठोठावली. तलाठ्यांकडून पंचनामा करून घेतला. आपत्तीत घराची अंशतः पडझड झाली तर कच्च्या घराला ४,००० आणि पक्क्या घराला ६,५०० रुपये असा मदतीचा दर आहे. कमी आहे, पण अर्ज सोडायचा नाही. घरकुलाची यादी पाहिली, नंबर लांब होता. मग ठरलं की अर्ज चालू राहू द्यायचे आणि पैसे आपणच जमवायचे.

तेव्हा एका ताईनं विचारलं, "माझंही घर गळतंय. त्यांनाच का?" प्रश्न रास्त होता, तिला कुणी गप्प बसवलं नाही. एक म्हातारी सदस्य म्हणाली, "गावातलं लेकरू उघड्यावर पडलं की आपण सगळ्या त्याच दाराकडं बोट दाखवतो. बावीस वर्षं बोट दाखवलं, आता हात लावू." आणि त्या ताईच्या घराचाही पंचनामा त्याच आठवड्यात करून घेतला.

आता तुमच्या गावात असं काम निघालं तर काय काय बघायचं, ते त्या बायकांनी केलं त्या क्रमानं सांगते.

पहिलं, घर कुणाच्या नावावर आहे ते बघा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढा. इथं घर अजून काकांच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर होतं. आपण छप्पर घालायचं आणि उद्या भाऊबंदांनी हक्क सांगायचा, असं नको. भावकीला बसवून बोलणं केलं, संमती लेखी घेतली आणि नोंद नवरा-बायको दोघांच्या नावानं करून घेतली. यात महिना गेला, पण एक रुपया जमवण्याआधी हे झालं.

दुसरं, अंदाजपत्रक. दोन गवंड्यांना घर दाखवून दोघांकडून खर्च लिहून घेतला. माळवद उतरवायचं, भिंती अर्ध्यावर आणून वर विटांचं हलकं काम करायचं, दाराच्या वरून सिमेंट-सळईचा सलग पट्टा चारी भिंतींवर फिरवायचा आणि वर पत्रे. पत्रे आणि लोखंडी अँगल ५२,०००, बांधकामाचं सामान ३१,०००, मजुरी २४,०००, दार आणि वायरिंग ११,०००. एकूण १,१८,००० रुपये.

बायकांना बांधकामातलं काय कळतं, असं कुणी म्हणालं तर त्यांना किल्लारीनंतरचं सांगा. भूकंपानंतर घरदुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या सरकारी कार्यक्रमात याच दोन जिल्ह्यांतल्या गावांमध्ये महिला मंडळाच्या बायका 'संवाद सहायक' होत्या. स्वयम शिक्षण प्रयोग ही संस्था त्यांच्या पाठीशी होती. दुरुस्ती कशी करायची ते त्या घरोघर समजावत होत्या. तुमच्या गावात त्यातली एखादी मावशी अजून असेल. तिला बोलवा.

तिसरं, गटाच्या बचतीला हात लावायचा नाही. बचत ज्या त्या बाईची आहे, तिच्यातून देणगी देता येत नाही. वर्गणी वेगळी आणि मनाप्रमाणं. अकरा गटांतल्या १२१ जणींनी १०० रुपये धरले, १२,१०० झाले. तिघींकडं पैसे नव्हते. त्यांच्या वाट्याचे शेजारणींनी भरले आणि त्या तिघी कामाला आल्या. घर गळणारी ती ताई दोन दिवस पाट्या उचलायला होती.

चौथं, पैशाआधी हात मोजा. माळवद उतरवायचं काम सावडीनं दोन रविवारी झालं. तेवढी १०,००० रुपयांची मजुरी वाचली. उतरवलेली पांढरी माती शेतकऱ्यांनी रानात टाकायला स्वतःच्या ट्रॅक्टरनं नेली, वाहतूकही वाचली. सागाच्या धड तुळया विकून १४,००० आले. दुकानदारानं पत्रे खरेदीच्या भावात दिले, ६,००० कमी झाले. गणेश मंडळानं शिल्लक ११,००० दिले. शिक्षक आणि ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांनी ८,५००, घरोघर फिरून १७,४००.

बाहेर पडलेल्या लेकरांकडं मागावं का, यावर बोलणं झालं. मावशीनं त्यांचे नंबर द्यायला साफ नकार दिला. म्हणाली, "मी त्यांना उसनं जेवायला घातलं नव्हतं." पण थोरली लेक दिवाळीला माहेरी आली, तिनं पडका कोपरा पाहिला आणि तिनंच बाकीच्यांना कळवलं. पाच जणांनी मिळून २७,००० पाठवले. सहाव्यानं काही पाठवलं नाही, आणि त्याला कुणी विचारलंही नाही.

राहिले १२,०००. ते मावशीनं आपल्या गटातून अंतर्गत कर्ज म्हणून घेतले, नेहमीच्या व्याजानं. माझाही हात लागू द्या, म्हणाली. आज तिचे हप्ते चालू आहेत.

पाचवं, आणि हे नीट ऐका. वर्गणी मागताना लेकरांचे फोटो दाखवायचे नाहीत. गावातल्या एका पोरानं चांगल्या मनानं सुचवलं होतं, तिघांचा फोटो आणि गाणं लावून व्हॉट्सॲपवर टाकू, भराभर पैसे येतील. आले असते. पण बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणं अशा लेकरांचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही जाहीर करायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी बघा. त्यातली मोठी पोरगी नववीत आहे. उद्या वर्गात कुणी तो फोटो तिच्यापुढं धरला तर? फोन आपल्या हातातून सुटला की फोटो परत येत नाही. म्हणून त्यांनी पडलेल्या कोपऱ्याचा फोटो काढला, अंदाजपत्रकाचा काढला आणि तेच पाठवलं. तेवढ्यावर पैसे जमले.

सहावं, हिशोब. पैसे कुणा एकीच्या फोनवर घेतले नाहीत. ग्रामसंघात ठराव करून ग्रामसंघाच्या खात्यात घेतले, रोकड वहीत वेगळं पान उघडलं, प्रत्येकाला नंबर असलेली पावती दिली. देणगीदारांची यादी आली त्या तारखेप्रमाणं लावली, रकमेप्रमाणं नाही. म्हणजे ५० रुपये देणारी आजी मंडळाच्या वर असू शकते. काम संपल्यावर सगळी बिलं ग्रामसभेत वाचून दाखवली. हिशोब ऐकायला पुरुषही थांबले होते. पुढच्या वेळी त्याच गावात पैसे मागायचे असतील, तर या एका दिवसावर सगळं अवलंबून असतं.

संक्रांतीच्या आत काम पुरं झालं. पाहणीला आलेल्या ताईंनी पत्रे पाहिले, भिंती पाहिल्या आणि तिन्ही लेकरं आहेत तिथंच राहतील असं सांगितलं. त्या दिवशी मावशीनं सगळ्यांना गूळ घालून चहा पाजला.

तायांनो, येत्या बैठकीत एवढं करा. आपल्या गावात दुसऱ्याचं लेकरू सांभाळणारं घर कोणतं, ते आठवा. आजी असेल, मामी असेल, शेजारीण असेल. तिला बालसंगोपन योजनेचे पैसे मिळतात का, विचारा. मिळत नसतील तर तिला जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात घेऊन जा, एकटीला पाठवू नका. आणि मृग लागायच्या आधी तिच्या घरी जाऊन एकदा वर बघा. लेकरू अडचणीत दिसलं तर १०९८ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत.