ठोका केव्हा पडतो?



कोकणातल्या घरात मुंबई कशी उतरते ते पाहायचे असेल तर मागच्या पडवीत जावे. मुंबईच्या खोलीत नवा पंखा आला की जुना गावाला येतो. तसेच वॉशिंग मशीनचे. मंडणगड तालुक्यात रेल्वे नाही, तेव्हा ही मशीन महामार्ग सोडून म्हाप्रळच्या वाटेने टेम्पोत, गाद्यांच्या वळकट्यांमध्ये दाबून बसवलेली येतात. त्यांतली कित्येक पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची आहेत. दोन टाक्यांची, एकीत धुवायचे आणि दुसरीत पिळायचे. दूरदर्शनवर ज्यांच्या जाहिराती पाहून आपण मोठे झालो, ती. त्यांतल्या एका प्रसिद्ध कंपनीचा, औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचा, कारभार 2018 साली दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेला. पण तिची मशीन अजून कपडे धूत आहेत.

अशा मशीनमधून एके दिवशी ठक्, ठक् आवाज यायला लागतो. मुंबईहून मुलाचा फोन येतो, "टाकून दे गं ते, नवीन घेऊ." आणि वाडीवरची सत्तरीची बाई पुन्हा धोंड्यावर कपडे आपटायला बसते, कारण नवे येईल तेव्हा येईल. आवाज आला म्हणजे मशीन संपले असे नसते. पुष्कळदा तो आवाजच दुखणे कुठे आहे ते सांगत असतो.

या मशीनची रचना सोपी आहे. धुण्याच्या टाकीच्या तळाशी एक चकती फिरते. तिच्या दांड्याला खाली मोठी पुली असते. शेजारच्या मोटरला लहान पुली. दोन्हींवर रबरी पट्टा. मोटर मिनिटाला सुमारे चौदाशे फेरे घेते, आणि मोठी पुली लहानीच्या पाचपट असेल तर चकतीला तीनशेच्या आतबाहेर फेरे मिळतात. ज्यांनी गावातली भातगिरणी चालताना पाहिली आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. तिथेही लांब पट्टा असायचा, आणि त्याचा सांधा पुलीवरून गेला की टप् व्हायचे. गिरणीवाला त्या आवाजाकडे लक्ष देत नसे, पण तो बदलला की झोपेतूनही उठत असे.

म्हणून पहिला प्रश्न "कसला आवाज" हा नव्हे, "केव्हा" हा विचारायचा.

फक्त पिळताना येतो का? मग पट्ट्याचा संबंध नाही. पिळायच्या टाकीला बहुतेक मशीनमध्ये वेगळी मोटर असते आणि टाकी तिच्यावर थेट बसवलेली असते. तिथे कपडे एका बाजूला गोळा झाले असतील तर टाकी झोकांड्या खाते आणि भिंतीवर आदळते. कपडे सारखे पसरून दाबून बसवा. रिकामी टाकीही आदळत असेल तर खालच्या स्प्रिंगा किंवा त्यांतले रबर गेले असे समजावे. आणि त्याआधी जमीन पाहा. आपल्याकडे मशीन ठेवतात मोरीत, नाहीतर पडवीत, आणि तिथल्या लादीला पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो. उतारावर ठेवलेले मशीन कुरकुरणारच. झाकणावर पसरट ताटलीत पाणी ठेवले की कोणता पाय उचलायचा ते कळते.

धुताना आवाज येत असेल तर तीन गोष्टी वेगळ्या करायच्या. ठोका सतत, प्रत्येक फेऱ्याला पडतो का? फक्त कपडे घातल्यावर पडतो का? की चकती थांबून उलट्या दिशेला फिरू लागली, त्या क्षणी एकदाच पडतो?

बाणकोट खाडीकडच्या एका वाडीत असेच मशीन होते. आधी कोणीतरी गिअरबॉक्स गेला म्हणून सांगून गेला होता. मी विचारले, "काकू, ठोका केव्हा पडतो?"

"अरे बाबा, सारखाच पडतो."

"नुसत्या पाण्यावर लावू या. तुम्ही ऐका आणि बोट वर करा."

काकूंनी डोळे मिटले. चकती फिरली, थांबली, उलटी फिरली, आणि काकूंचे बोट वर गेले. पुन्हा थांबली, पुन्हा फिरली, पुन्हा बोट. मधल्या वेळात एकदाही नाही.

"म्हणजे वळताना पडतो रे हा!" त्या म्हणाल्या.

तिथेच अर्धे काम झाले. दिशा बदलताना एकच ठोका पडतो याचा अर्थ कुठेतरी ढिलाई आहे. सैल बसलेली पुली एका अंगाला रेलून फिरत असते तोवर गप्प असते. दिशा बदलली की ती मधली फट ओलांडते आणि दुसऱ्या अंगाला आपटते. दाराची सैल बिजागरी उघडताना आणि मिटताना वाजते, तसे. प्लग काढून मागचे झाकण उघडले. मोटरची पुली हाताने धरून हलवली, तर दांडा स्थिर आणि पुली सुपारीएवढी डुलत होती. तिला दांड्यावर धरणारा लहानसा स्क्रू सैल झाला होता आणि छिद्र झिजले होते. नुसता स्क्रू आवळून ते चार दिवस टिकले असते, म्हणून महाडहून नवी पुली आणवली. गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाही. या मशीनचे सुटे भाग मूळ कंपनीचेच हवेत असे नसते. जुना भाग नमुन्याला दिला की मापाचा मिळतो.

प्रत्येक फेऱ्याला पडणारा ठोका वेगळा. चालत्या मशीनमध्ये तो मोजता येत नाही, फार भराभर पडतो. प्लग काढावा, पट्ट्यावर खडूची एक खूण करावी, मोठ्या पुलीवर एक, आणि हाताने सावकाश फिरवावे. हाताला धक्का लागतो तेव्हा दर वेळी पट्ट्याची खूण त्याच जागी येत असेल तर दोष पट्ट्यात, पुलीची येत असेल तर पुलीत किंवा दांड्याच्या बुशमध्ये. बंद घरातल्या मशीनचा पट्टा महिनोन्महिने एकाच जागी वाकून राहतो आणि त्याला तिथे बाक बसतो. मशीन चालून पट्टा गरम झाला की असा ठोका कमी होतो. तेवढ्यावर तडे नसतील तर घाबरू नये.

कपडे घातल्यावरच ठोका पडत असेल तर आधी चकतीखाली पाहा. वरचा स्क्रू काढून ती उचलली की खाली काय सापडेल याचा नेम नसतो. रुपयाचे नाणे, शर्टाचे बटण, साडीची पिन. तिथे काही नसेल तर बुश झिजला आहे. दांड्याखाली तांबूस ओघळ दिसला तर सील गळते आहे हे नक्की, आणि मग सील व बुश एकदमच बदलावेत. एक बदलून दुसरे ठेवणे म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तेच काम. पट्टा फार ताणून बसवण्याची आपल्याकडे खोड आहे, बुश त्यानेही झिजतो. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण सेंटिमीटरभर दबला पाहिजे.

हे सगळे सांगताना मला भीती वाटते ती एकाच गोष्टीची. जुन्या घरांत दोन पिनांचे सॉकेट असते, अर्थिंग नसते, खाली ओली लादी आणि वर पावसाळा. मशीनला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ठोक्याचे नंतर पाहा. आधी वायरमनला बोलवा. प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते, त्याच्या तारांना हात लावू नका. झाकण उघडे ठेवून मशीन सुरू करू नका. फिरता पट्टा बोट ओळखत नाही.

गणपती उरकून घर बंद करून जे शिमग्यालाच परत येतात, त्यांनी निघताना प्लग काढून पट्टा उतरवून ठेवावा आणि टाकी कोरडी पुसावी. मागच्या झाकणाच्या फटीला बारीक जाळी लावावी. उंदराला त्या मोटरची ऊब नको असते, त्याला वायर कुरतडायला आवडते.