नावापुढचे बिरुद

राष्ट्रपती भवनातील ज्या दालनाला २०२४ च्या जुलैपर्यंत दरबार हॉल म्हणत आणि ज्याला आता गणतंत्र मंडप हे नाव मिळाले आहे, तेथे एके काळी व्हाइसरॉय आणि त्यांच्या पत्नी यांची दोन सिंहासने मांडलेली असत. आज त्या जागी राष्ट्रपतींचे आसन असते आणि त्यामागे गुप्तकालीन बुद्धमूर्ती शांतपणे उभी असते. या दालनात नागरी सन्मानांचा सोहळा होतो तेव्हा नाव पुकारले जाते, पुकारलेली व्यक्ती उठून पुढे येते, पदक लावले जाते, सनद हाती पडते आणि लगेच दुसऱ्याचे नाव येते. प्रत्येकाच्या वाट्याला फार तर एखाद-दुसरे मिनिट. त्या मिनिटामागे तीस-तीस वर्षांचे काम उभे असते, ते मात्र त्या दालनात मावणारे नसते.

२०२० सालचे सन्मान महामारीमुळे लांबले आणि ८ नोव्हेंबर २०२१ रोजी प्रदान झाले. त्या समारंभाची चित्रे पुष्कळांच्या स्मरणात असतील. कारवारजवळच्या अंकोला तालुक्यातील तुळसी गौडा अनवाणी चालत पुढे आल्या. हजारो झाडे ज्यांनी हातांनी वाढवली त्यांच्या पायांना वहाणेची सवय नव्हती. मंगळुरूच्या बाजारात संत्री विकणारे हरेकळ हाजब्बा हेही तसेच अनवाणी आले. परदेशी गिऱ्हाइकाने भाव विचारला आणि आपल्याला तो समजलाही नाही, ही खंत मनात धरून या गृहस्थांनी टोपलीच्या मिळकतीतून आपल्या गावी शाळा उभी केली होती. त्याच मालिकेत महाराष्ट्रातील दोन नावे होती. एक अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे, आणि दुसरे नगर तालुक्यातील हिवरे बाजारच्या पोपटराव पवार यांचे.

राहीबाई शाळेत गेलेल्या नाहीत. नातू वारंवार आजारी पडू लागला तेव्हा विषारी औषधे फवारलेल्या भाजीवर त्यांचा संशय गेला आणि जुने गावठी वाण शोधण्याचा नाद त्यांना लागला. वाल, घेवडा, भात, नाचणी, पालेभाज्या, ज्या कोणाच्या परसात जे उरले होते ते मूठ-मूठ गोळा करून त्यांनी मडक्यांत जपले. राख आणि कडुनिंबाचा पाला हीच त्यांची कीडनाशके. बियाणे मागायला आलेल्या बाईला त्या बी देत, पण पीक आले की दुप्पट परत करण्याच्या बोलीवर. सावकारी व्यवहारातला शब्द इतक्या निर्मळ कामी क्वचितच आला असेल. पुढे बाएफ या संस्थेचे साहाय्य मिळाले, घरचा साठा बियाण्यांच्या पेढीत रूपांतरित झाला, आणि शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना ‘बीजमाता’ म्हटले. आज राहीबाईंचा उल्लेख पद्मश्री म्हणून जितका होतो, त्याहून बीजमाता म्हणून अधिक होतो. ही गोष्ट वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु सन्मानाचे मर्म येथेच आहे.

पद्म सन्मान स्थापन झाले ते २ जानेवारी १९५४ रोजी. प्रारंभी पद्मविभूषणाचे पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग असे प्रकार होते. रेल्वेच्या डब्यांची आठवण करून देणारी ही विभागणी वर्षभरातच रद्द झाली आणि १९५५ च्या जानेवारीत आजची नावे रूढ झाली. रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर या पदव्यांचा सुकाळ ज्यांनी पाहिला होता, त्यांनीच राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने शासनाला किताब देण्याची मनाई केली होती. साहजिकच शंका निघाली की, पदव्या दाराने घालवल्या त्या खिडकीने तर परत येत नाहीत ना? आचार्य कृपलानी यांनी १९६९ साली हे सन्मान बंद करण्याचे विधेयकच लोकसभेत मांडले. ते संमत झाले नाही. १९७७ साली जनता सरकारने सन्मान बंद केले, १९८० साली ते पुन्हा सुरू झाले. अखेर १९९५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हे सन्मान म्हणजे किताब नव्हेत, मात्र म्हणूनच ते नावाच्या पुढे वा मागे लावता येणार नाहीत. सन्मानाबरोबर रोख रक्कम मिळत नाही, रेल्वे-विमानाच्या भाड्यात सवलत मिळत नाही. एक काशाचे पदक, त्यावर कमळ, आणि राष्ट्रपतींच्या सहीची सनद. नावापुढे पद्मश्री लावण्याची हौस गावोगावच्या कमानींवर आणि निमंत्रणपत्रिकांवर अजून दिसते, हे खरे; त्यात सन्मानितांपेक्षा सत्कार समित्यांचाच उत्साह अधिक असतो.

म्हणजे राज्य जे देते ते नावाला जोडता येत नाही, आणि लोक जे देतात ते नावापासून तोडता येत नाही. महाराष्ट्राला याचा अनुभव फार जुना आहे. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात जोतीराव फुले यांचा सरकारतर्फे सत्कार झाला. मुलींच्या शिक्षणाच्या कार्याबद्दल त्यांना शालजोडी अर्पण करण्यात आली. पंचविशीच्या तरुणाच्या खांद्यावर ती शाल पडली तेव्हा पुण्यात पुष्कळ भुवया वर चढल्या असतील. पुढे छत्तीस वर्षे गेली. ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या मांडवी भागातील कोळीवाड्यात कष्टकरी लोकांनी सभा भरवून त्याच जोतीरावांना ‘महात्मा’ म्हटले. त्या पदवीमागे सनद नव्हती, शिक्का नव्हता. सरकारी शालजोडीची आठवण आज चरित्रकारांनाच असते, आणि कोळीवाड्यात मिळालेला तो शब्द मात्र त्यांच्या नावाचाच भाग झाला.

तथापि एवढ्यावरून राजमान्यता निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. दिल्ली हे शहर कागदावर चालते, आणि कागदावर जे येत नाही ते तिला दिसत नाही. २०१६ पासून या सन्मानांसाठी कोणाही नागरिकाला संगणकाद्वारे कोणाचेही नाव सुचवता येऊ लागले, स्वतःचेसुद्धा! शिफारशीसोबत जास्तीत जास्त आठशे शब्दांत कार्याचा परिचय द्यावा लागतो. आठशे शब्द हे बंधन वक्त्यांना जाचक वाटेल, पण दुर्गम पाड्यावरच्या कार्यकर्त्याविषयी आठशे शब्द लिहिणारा कोणीतरी भेटणे हेच मुळी दुर्मिळ. बीड जिल्ह्यातील दहिवंडीचे शब्बीर सय्यद यांना २०१९ साली पद्मश्री जाहीर झाली. दुष्काळी मुलखात शंभरावर गाईगुरे सांभाळायची, कसायाला एकही द्यायचे नाही, शेणखत विकून घर चालवायचे, असा त्यांचा वडिलोपार्जित व्रतासारखा व्यवसाय. हे काम दहिवंडीला ठाऊक होते, दिल्लीला नव्हते. त्या यादीने दहिवंडीवर उपकार केले की दिल्लीवर, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. आणखी एक गमतीची तरतूद अशी की, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ वगळता सरकारी नोकरांना या सन्मानाची दारे सेवेत असेपर्यंत बंद आहेत. फायलींचा प्रवास ज्यांच्या टेबलांवरून होतो त्यांना त्या यादीत जागा नाही. ज्याने हा नियम केला त्याला मनुष्यस्वभावाची उत्तम जाण असली पाहिजे.

अडचण खरी आहे ती निराळीच. शिफारशीच्या अर्जात नावाचा रकाना एकाच माणसाचा असतो. संस्थेला पद्म सन्मान मिळत नाही, गावाला मिळत नाही. आणि लहान समाजाची सेवा ही बहुधा एकट्याची नसतेच. पोपटराव पवार १९८९-९० च्या सुमारास हिवरे बाजारचे सरपंच झाले. जेमतेम बारा-तेराशे वस्तीचे गाव, वर्षाचा पाऊस सरासरी चारशे मिलीमीटरच्या आसपास. डोंगरउतारावर चर खणले ते गावाने, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली ती गावाने, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस लावायचा नाही हा निर्णय घेतला तो ग्रामसभेने. पावसाळा संपला की किती पाणी पडले, किती मुरले याचा हिशोब मांडायचा आणि मगच रब्बीत काय पेरायचे ते ठरवायचे, ही शिस्त मोठमोठ्या शहरांनाही साधलेली नाही. ऊस न लावण्याचा मोह आवरलेला शेतकरी गणतंत्र मंडपात कधी दिसणार नाही. पण त्याने तो मोह आवरला नसता तर पोपटरावांचे नावही तेथे पुकारले गेले नसते.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी पाड्याचे उदाहरण असेच. चैत्राम पवार एम. कॉम. झाले, नोकरीसाठी शहराची वाट त्यांना मोकळी होती. ते पाड्यावरच राहिले. उजाड झालेले चारशे हेक्टरांहून अधिक जंगल पाड्याने राखले, तोड करणाऱ्याला दंड पाड्यानेच ठरवला. जंगल परत आले तशा विसरलेल्या रानभाज्याही परत आल्या, आणि २००४ पासून तेथे वनभाजी महोत्सव भरू लागला. त्या दिवशी पाड्यापाड्यांतील बाया आपापल्या हातची भाजी मांडतात आणि परगावचे पाहुणे चव घेत फिरतात. २०२५ साली पद्मश्री चैत्राम पवारांना जाहीर झाली. सन्मान स्वीकारणारा हात एक होता. जंगलावर पहारा करणारे हात किती होते याची मोजदाद कोणी केलेली नाही.

अर्जातल्या या एकनामी रकान्याला २०१९ साली एकदा थोडी मुरड घालावी लागली. मेळघाटातील बैरागडचे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना पद्मश्री दिली गेली ती जोडीने, आणि यादीत ती एकच धरली गेली. नागपूरला वैद्यकाचे शिक्षण घेऊन रवींद्र कोल्हे १९८० च्या दशकात धारणीपलीकडच्या त्या गावी गेले. वाहन नव्हते, चाळीस किलोमीटर पायी चालावे लागे. रुग्णाकडून पहिल्या खेपेला दोन रुपये आणि पुढच्या खेपेला एक रुपया घ्यायचा, हा त्यांचा नेम. लग्नाला उभे राहताना त्यांनी वधूसाठी अटी घातल्या होत्या: चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी हवी, महिन्याला चारशे रुपयांत संसार करता आला पाहिजे, लग्न पाच रुपयांत झाले पाहिजे आणि प्रसंगी दुसऱ्यासाठी भीक मागता आली पाहिजे. स्मिताताईंनी नागपुरातला चालता दवाखाना सोडून या अटी मान्य केल्या. बालके औषधाअभावी नव्हे तर अन्नाअभावी दगावतात हे ध्यानात आल्यावर डॉक्टर स्वतः शेती शिकले, गुरांवर उपचार करायला शिकले. पुढे त्यांच्या झोपडीवजा घराची अवस्था पाहून एका मंत्र्यांनी घर बांधून देऊ केले, तेव्हा स्मिताताईंनी घराऐवजी रस्ते मागितले.

रस्ते मागणाऱ्या माणसाला पदक देणे सोपे असते. रस्ता देणे अवघड. सन्मानाचा खरा कस सन्मानितावर लागत नाही, तो लागायचा तितका आधीच लागलेला असतो. तो लागतो सन्मान करणाऱ्यावर. करोलबाग वा पहाडगंज येथील मराठी मंडळींच्या गणेशोत्सवातही दहा दिवस सतरंज्या अंथरणाऱ्या, प्रसादाच्या पंगती वाढणाऱ्या कार्यकर्त्याला अखेरच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळते. त्या शालीचे मोल पुढल्या वर्षी कळते. सतरंजीचे दुसरे टोक धरायला कोणी आले तर ती शाल सार्थ. नाही तर तिची घडी कपाटात तशीच राहते.

अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांचे बालगृह आहे. गाडगेबाबांच्या विचारांचा हा पाईक. रेल्वेफलाटावर, कचराकुंडीत, देवळाच्या पायरीवर टाकून दिलेली मतिमंद, मूकबधिर, अंध मुले त्यांनी आपली म्हटली, आणि हे म्हणणे केवळ भाषेपुरते ठेवले नाही. शंभरावर मुलांना त्यांनी वडील म्हणून स्वतःचे नाव दिले, कागदोपत्री दिले. माळावर त्या मुलांच्या हातांनी झाडे लावून घेतली, कित्येकांची लग्ने लावून दिली. त्यांच्यापुढचा पेच कायद्याचा आहे. कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षे पुरी झाली की मूल हे मूल राहत नाही आणि बालगृहाचा आधार सरतो. ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही त्याने अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी कोठे जावे? अशा मुलांच्या आजीवन पुनर्वसनासाठी कायदा करा, ही मागणी शंकरबाबा वर्षानुवर्षे करीत आले. २०२४ च्या जानेवारीत दिल्लीने त्यांना पद्मश्री जाहीर केली. त्यांनी मागितला होता कायदा.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या लिपिकवर्गीय परीक्षेचा निकाल लागला. वझ्झरच्या बालगृहात लहानाची मोठी झालेली एक दृष्टिहीन मुलगी त्यात उत्तीर्ण झाली होती. तान्हेपणी ती उकिरड्यावर सापडली तेव्हा तिला नाव नव्हते. आता तिच्या नावामागे वडिलांचे नाव आहे, शंकरबाबा, आणि त्यामागे आडनाव, पापळकर.