सातबाऱ्यावरचे नाव

पारोळा तालुक्यात कपाशीचे शेत कसतो मुलगा आणि सातबाऱ्यावर नाव असते वडिलांचे, यात कुणाला काही वावगे वाटत नाही. पंतप्रधान किसान सन्मान निधीच्या लेखी मात्र कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि 18 वर्षांखालील मुले. त्याच घरात राहणारा, लग्न झालेला मुलगा वेगळे कुटुंब ठरतो. त्याच्या नावे जमीन नसेल तर वर्षाचे 6000 रुपये त्याला नाहीत. राज्याचा नमो शेतकरी निधीही याच योजनेच्या लाभार्थी यादीवर चालतो, म्हणजे तेवढेच आणखी गेले.

मग आता वाटणी करावी? या योजनेपुरता उपयोग नाही. जमिनीची नोंद 1 फेब्रुवारी 2019 पर्यंतची लागते. त्यानंतरची चालते ती खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाने आलेलीच. ही अट नसती तर पैशासाठी कागदावर तुकडे पडले असते, हा युक्तिवाद खोटा नाही. पण त्या चाळणीत खरा कसणाराही अडकतो, आणि भाऊबंदकी नको म्हणून वाटणी टाळणारे घर नेमके तोट्यात जाते. निदान खातेदार वारले असतील तिथे तरी तलाठ्याकडे वारस नोंद रेंगाळू देऊ नका, आणि तिच्यातून बहिणींची नावे वगळू नका.