जे पेरलं, ते उगवलं नाही

२०२०च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातून एकच ओरड झाली, सोयाबीन पेरलं पण उगवलं नाही. वाशिम जिल्ह्याचं तर हेच मुख्य पीक. अशी तक्रार कृषी खात्याकडे मराठीत देता येते. पण तीच गोष्ट एखाद्या कंपनीच्या परप्रांतातल्या कार्यालयाला इंग्रजीत कळवायची म्हटली, की कॉलेजात शिकलेला मुलगाही अडतो. शब्द त्याला येतात. अडतो तो 'जे-ते'पाशी.

आपण म्हणतो, 'जे बियाणं मी रिसोडला घेतलं, ते उगवलं नाही.' मुलगा लिहितो, 'विच सीड आय बॉट इन रिसोड, दॅट डिड नॉट जर्मिनेट.' शब्द इंग्रजी, वळण मराठी. इंग्रजीत वस्तूचं नाव आधी, मागोमाग तिची ओळख आणि मग तक्रार: 'द सीड दॅट आय बॉट इन रिसोड डिड नॉट जर्मिनेट.' आपला 'ते' तिथं गळून पडतो. 'आय बॉट इट' असं 'इट'ही लावायचं नाही. लिहून झालं की क्रियापदं मोजा. दोन हवीत, एक घेतल्याचं आणि एक न उगवल्याचं. दुसरं राहिलं, तर बियाणं घेतलं एवढंच कळतं. त्याचं पुढं काय झालं, ते वाचणाऱ्यानं ओळखायचं!

मराठीत 'जो' माणसालाही चालतो आणि पंपालाही. इंग्रजीत माणसाला सहसा 'हू', वस्तूला 'दॅट' किंवा 'विच'.

खरी मेख स्वल्पविरामात आहे. 'द बॅग्ज दॅट आय ओपन्ड इन जून वेअर डॅमेज्ड' म्हणजे जूनमध्ये उघडल्या तेवढ्याच पिशव्या खराब. 'द बॅग्ज, विच आय ओपन्ड इन जून, वेअर डॅमेज्ड' म्हणजे होत्या तेवढ्या सगळ्या. दोन पिशव्यांची भरपाई मागितली की दहांची, असा फरक पडतो. रेडिओवर स्वल्पविराम दिसत नाही, म्हणून मी तिथं मुद्दाम थांबलो. 'वाशिम, विच बिकेम अ डिस्ट्रिक्ट इन १९९८' इथं मात्र तो लागतोच; वाशिम जिल्हा काही दोन नाहीत.

तक्रारीत नेमकी पिशवी दाखवायची तर 'द बॅग्ज दॅट हॅव धिस लॉट नंबर' असं लिहावं. आणि पेरणीच्या घाईत पिशवीवरचं लेबल फेकू नका, पावतीसोबत जपून ठेवा. तो लॉट नंबर तिथंच छापलेला असतो.