ठावठिकाणा सांगावा, पण विचारपूर्वक



त्र्यंबकेश्वरी येणारा यात्रेकरू तीर्थोपाध्यायांच्या वहीत आपले नाव, गाव व कूळ पिढ्यान्‌पिढ्या नोंदवीत आला आहे. ती नोंद कोण ठेवतो आणि कशासाठी, हे त्याला ठाऊक असते. आज त्याच्या खिशातील स्मार्टफोनही ठावठिकाणा नोंदवितो. ती नोंद कोठे जाते, याची मात्र त्याला बहुधा कल्पना नसते. माणूस कोणत्या दवाखान्यात जातो, घर केव्हा बंद असते, हे त्यावरून तिऱ्हाइताला कळू शकते.

कुशावर्ताची वाट दाखविण्यासाठी नकाशाला स्थान कळणे आवश्यकच आहे. विजेरीच्या ॲपला ते कशासाठी हवे? फोनच्या सेटिंग्जमधील ‘लोकेशन’ या सदरात प्रत्येक ॲपची परवानगी तपासता येते. ‘फक्त ॲप वापरताना’ हा पर्याय बहुतेक कामांस पुरतो. हवामानासाठी अंदाजे स्थानही चालते. सिंहस्थाच्या गर्दीत सोबत्यांना व्हॉट्सॲपवरून चालू स्थान कळवावे; त्यास १५ मिनिटे, १ तास वा ८ तास अशी मुदत घालता येते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीला महत्त्व दिले. परंतु न वाचता दिलेली संमती ही नावापुरतीच. म्हणून शिक्षकांनी शाळेत आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत ही तपासणी एकदा प्रत्यक्ष करून दाखवावी.